काळी करवंदी: बियाण्यापासून बरणीपर्यंत

एप्रिल सरत आला की कसारा, इगतपुरी, कर्जत, खंडाळा या घाटमार्गांवर आणि स्थानकांवर पळसाच्या पानांच्या द्रोणांतून काळी करवंदे विकायला येतात आणि ‘डोंगरची काळी मैना’ ही हाळी ऐकू येऊ लागते. जेमतेम दीड महिन्याचा हा हंगाम संपला की करवंदीचा विषयही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मागे पडतो. वास्तविक ही जाळी शेताच्या बांधावर, घराच्या कुंपणाला किंवा पडीक माळाच्या कडेला लावता येते. एकदा रुजली की ती पाणी मागत नाही, गुरांना आत येऊ देत नाही आणि दर वर्षी फळ देते. रोप मिळवण्याची वेळ आली की मात्र अडचण येते. रोपवाटिकेत ‘करवंद’ म्हणून जे मिळते ते बहुधा मोठ्या, पांढरट-गुलाबी फळांचे असते. लोणच्यासाठी आणि साखरेत मुरवून रंगवलेल्या, बेकरीत ‘चेरी’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या फळांसाठी ते उत्तम आहे, पण हातात घेऊन तसेच खावे असे ते फळ नव्हे. सह्याद्रीच्या उतारांवरची लहान, पूर्ण काळी होणारी, पिकल्यावर गोड लागणारी करवंदी हवी असेल, तर तिचे रोप आपल्यालाच तयार करावे लागते.

झाडाची ओळख

दोन्ही झुडपे करिसा या एकाच प्रजातीतली. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत त्यांना कधी करिसा कॅरंडास आणि करिसा कंजेस्टा अशी वेगवेगळी नावे दिलेली आढळतात, तर काही अभ्यासक दोन्ही एकच मानतात. लावणाऱ्याच्या दृष्टीने या वादापेक्षा झाडाची नेमकी ओळख महत्त्वाची आहे, कारण करवंदीचे कुळ कण्हेरीचे. कण्हेर आणि बिट्टी ही याच कुळातली झाडे अत्यंत विषारी आहेत आणि त्यांनाही करवंदीसारखाच पांढरा चीक येतो. म्हणून केवळ चीक येतो आणि फळ लागते एवढ्यावरून कोणतेही झुडूप करवंदी समजू नये. करवंदीची पाने समोरासमोर, जाड, चामड्यासारखी आणि वरून तकतकीत असतात. पेरांशी जोडीने येणारे कठीण काटे असतात आणि त्यांतले पुष्कळसे टोकाशी दुभंगलेले असतात. फुले पांढरी, पाच पाकळ्यांची, जाईच्या वासाची. फळ आधी हिरवे, मग लालसर आणि शेवटी जांभळट काळे होते. कण्हेरीला आणि बिट्टीला काटे नसतात, हा फरक लहान मुलांनाही शिकवून ठेवावा.

मातृझाडाची निवड

सगळ्या कामात सर्वाधिक लक्ष द्यायचे ते इथे, आणि नेमके तिथेच लोक घाई करतात. एकाच डोंगरावरच्या दोन जाळ्यांची फळे चवीला सारखी नसतात. एकीचे फळ काळे होऊनही घशाला तुरट लागते, तर तिच्यापासून वीस पावलांवरच्या जाळीचे फळ तोंडात विरघळते. एखादीला घोसात मोजकी दोनच फळे धरतात, तर दुसरी लगडलेली असते. कुणाच्या फळात गर कमी आणि बिया मोठ्या. त्यामुळे मे महिन्यात एखाद्या जाणत्याला बरोबर घेऊन परिसरातल्या जाळ्यांची फळे चाखत फिरावे आणि आवडलेल्या जाळीला रंगीत चिंधी बांधून ठेवावी, कारण पावसात रान माजले की तीच जाळी पुन्हा सापडत नाही. गराचा रंगही पाहून ठेवावा. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि फिकट निघाले तर कोंबडी, हा मुलांचा जुना खेळ इथे कामाला येतो. ज्या जाळीवर लाल गराची फळे अधिक असतील ती सरबतासाठी आणि जेलीसाठी चांगली.

रानात फिरणे शक्य नसेल, तर बाजारात करवंदे विकणाऱ्या बाईंकडूनच बी मिळवावे. शहापूर, मुरबाड, कर्जत या भागांत कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी समाजाच्या स्त्रिया ही फळे तोडून आणतात, आणि कोणत्या उतारावरची जाळी गोड आहे याची त्यांच्याइतकी माहिती क्वचितच कुणाला असते. त्यांना विचारावे, त्या सांगतील ती फळे योग्य दाम देऊन घ्यावीत आणि त्यांतली सर्वांत काळी, मऊ फळे बियाण्यासाठी बाजूला काढावीत.

रानातली वाढलेली जाळी उपटून आणण्याचा विचार मात्र करू नये. तिचे सोटमूळ दगडांच्या फटींतून खोल गेलेले असते. ते तुटले की झाड जगत नाही, आणि वनखात्याच्या जमिनीवरचे झाड काढणे हा गुन्हाही आहे.

बियांपासून रोप

करवंदाच्या बीला टिकाव नाही. फळातून काढून महिना-दोन महिने डबीत ठेवलेले बी बहुतेक उगवत नाही. म्हणून मे महिन्यात खाल्लेल्या करवंदांचे बी त्याच आठवड्यात मातीत गेले पाहिजे. पिकलेली फळे पाण्यात हाताने कुस्करावीत, गर वाहून जाऊ द्यावा आणि चपट्या, तपकिरी बिया चाळणीत जमवून सावलीत एक दिवस सुकवाव्यात. उन्हात वाळवू नयेत. जेलीसाठी किंवा सरबतासाठी शिजवलेल्या फळांतले बी निरुपयोगी असते, त्यामुळे पेरण्याची फळे आधीच वेगळी ठेवावीत.

पिशवी शक्य तितकी उंच घ्यावी, कारण रोप वर चार पाने काढते तोवर त्याचे मूळ तळाला पोचलेले असते. माती, जुने शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात मिसळून पिशव्या भराव्यात, प्रत्येकीत दोन बिया साधारण एक सेंटिमीटर खोल टाकाव्यात आणि पिशव्या विरळ सावलीत ठेवाव्यात. माती ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे, चिखल होऊ देऊ नये. दोन ते चार आठवड्यांत उगवण होते. पहिल्या वर्षी वाढ इतकी सावकाश असते की रोप खुरटले असे वाटते, पण ते तसे नसते. या काळात झाड मुळावर मेहनत घेत असते. त्याला खताचा मारा करून घाई करायला लावू नये. पुढच्या जूनपर्यंत रोप वीतभर किंवा त्याहून थोडे उंच झाले की लावण्याजोगे होते.

बियांपासून केलेल्या रोपांत मातृझाडाचे गुण सगळेच्या सगळे उतरतील याची खात्री नसते. निवडलेल्या जाळीचीच हुबेहूब प्रत हवी असेल तर दाब कलम किंवा गुटी कलम करावे. साध्या छाट कलमाला मुळे फुटण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून त्याच्या भानगडीत पडू नये. दाब कलम सर्वांत सोपे. जून अखेर जमिनीलगतची लवचीक फांदी वाकवून, जिथे ती मातीला टेकेल तिथे खालच्या बाजूने साल थोडी खरवडावी, तेवढा भाग चार बोटे मातीत पुरून वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर मोकळा सोडावा. पावसाळ्याच्या शेवटी माती अलगद बाजूला करून मुळे दिसतात का ते पाहावे आणि चांगली फुटली असतील तरच मातृझाडाकडून फांदी तोडावी. गुटीसाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडून तिच्यावरची अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी, मुळे फुटण्याची पूड लावावी, त्यावर ओले शेवाळ गुंडाळून प्लास्टिकच्या कागदाने दोन्ही टोकांना घट्ट बांधावे. साल काढताना चीक वाहतो. तो कापडाने पुसून, जखम कोरडी झाल्यावरच पूड लावावी, नाहीतर ती चिकात मिसळून वाया जाते. ही सर्व कामे भर पावसाच्या हवेत करावीत.

जागा आणि लागवड

करवंदीला दोन गोष्टी हव्यात: भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा. जांभ्या दगडाची कातळकड, मुरमाड माळ, डोंगरउतार, दगडांनी भरलेला बांध अशा ज्या जमिनीत दुसरे काही येत नाही, त्या तिला मानवतात. मोठ्या झाडाच्या सावलीत ती जगते, पण फळ धरत नाही. देशावरच्या भारी काळ्या जमिनीत लावायची असेल तर पाणी साचणार नाही असा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावी. पावसाळ्यात पंधरा दिवस मुळाशी पाणी तुंबले तर कोवळे रोप सडते.

दीड हात लांब, रुंद आणि खोल खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणून तापू द्यावा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की निघालेलीच माती एक-दोन घमेली शेणखत मिसळून भरावी आणि रोप लावावे. फळांसाठी सुटी झुडपे वाढवायची असतील तर दोन झुडपांत अडीच ते तीन मीटर अंतर ठेवावे, म्हणजे तोडणीच्या वेळी चारही बाजूंनी हात पोचतो. कुंपणासाठी पाऊण मीटर अंतर पुरते. या हिशेबाने तीस मीटर लांबीच्या एका ओळीला चाळीस रोपे लागतात, पण काही मरतील हे धरून पन्नास-पंचावन्न तयार ठेवावीत. गुरांचा उपद्रव फार असेल तर अर्ध्या-पाऊण मीटर अंतरावर दुसरी ओळ अशी लावावी की तिची रोपे पहिल्या ओळीतल्या मोकळ्या जागांसमोर येतील. ज्या मुरमाड बांधावर खड्डे खणणेच कठीण आहे, तिथे पावसाच्या सुरुवातीला ताज्या बिया जागेवरच टोकाव्यात. मूळ न हलल्यामुळे अशी रोपे काटक निघतात, मात्र पहिल्या दोन वर्षांत भोवतीचे गवत सतत काढावे लागते.

पहिले दोन उन्हाळे दहा-पंधरा दिवसांनी पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. डिसेंबरात मात्र हे आच्छादन आणि कुंपणालगतचे वाळके गवत दोन-तीन हात रुंदीच्या पट्ट्यात साफ करावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर करवंदीचा खरा शत्रू कीड नसून वणवा आहे. जुनी जाळी जळाली तरी मुळापासून पुन्हा फुटते, पण दोन वर्षांचे रोप एका रात्रीत जाते. शेळ्याही कोवळे शेंडे खुडतात, म्हणून काटे टणक होईपर्यंत बोरी-बाभळीच्या फांद्यांचा आडोसा करावा. तिसऱ्या वर्षापासून पाण्याची काळजी सोडून दिली तरी चालते. खत म्हणून दर पावसाळ्यात घमेलेभर शेणखत पुरे. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास पाने आणि काटेच वाढतात.

मोठ्या फळांची जातही हवी असणाऱ्यांनी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ लावावी. तिची फळे लोणच्याला सोयीची पडतात. उत्तरेत पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ या जाती लावल्या जातात. कुंपणात दर दहा काळ्या करवंदींमागे मोठ्या फळांचे एखादे झुडूप असावे असे मला वाटते. बरणीचे काम त्यावर भागते आणि काळी फळे खाण्यासाठी झाडावर पिकू देता येतात.

छाटणी

करवंदीची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर घोसाने येतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर छाटणी कधी करावी हे निराळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांना जानेवारीपासून मार्चपर्यंत फुले येतात, त्यांची फळे एप्रिल अखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पिकतात. म्हणजे छाटणीला एकच काळ उरतो: शेवटचे फळ उतरल्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. दिवाळीनंतर कुंपण नीटनेटके दिसावे म्हणून शेंडे कापणारा माणूस त्या वर्षीची सगळी फुले कापत असतो. कुंपणाला फळे येत नाहीत अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी आधी छाटणीचा महिना तपासावा.

रोप गुडघाभर झाले की पहिल्यांदा शेंडा खुडावा, त्याने खालून फांद्या फुटतात आणि कुंपण तळाशी पोकळ राहत नाही. पुढे उंची छातीएवढी राखावी. वाळलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या फांद्या आतून काढाव्यात. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब दांड्याची कात्री यांशिवाय हे काम करू नये. कापलेल्या फांद्या वाटेवर पडू देऊ नयेत. त्यांचे वाळलेले काटे चपलेचा तळ सहज भेदतात. काटा लागलाच तर तो पूर्ण निघाला आहे याची खात्री करून जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेऊन बराच काळ झाला असेल तर ती घ्यावी.

तोडणी

लोणच्यासाठी फळ हिरवे, टणक आणि आतील बी कोवळे असताना, म्हणजे साधारण मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलमध्ये तोडतात. खाण्यासाठी ते नुसते काळे होऊन भागत नाही. बोटांत धरून किंचित दाबल्यावर मऊ लागले आणि देठापासून न ओढता सुटले तरच ते पिकलेले. जोर लावावा लागतो त्या फळाच्या देठाशी पांढरा थेंब जमतो, आणि तो ओठांना लागला की दिवसभर चिकटून राहतो. एका हातात आकडी घेऊन फांदी उचलून धरावी आणि दुसऱ्या हाताने खालच्या बाजूची फळे काढावीत. फळे पसरट टोपलीत ठेवावीत, कारण खोल डब्यात खालची चिरडतात. पिकलेली करवंदे दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाहीत. जोराचा वळीव झाला की फळे पचपचीत होतात, त्यामुळे आभाळ भरून येऊ लागले की जेवढी पिकली असतील तेवढी उतरवून घ्यावीत. जाळीच्या मधल्या भागातली, हात न पोचणारी फळे बुलबुलांसाठी सोडावीत. पुढची रोपे माळावर रुजवण्याचे काम तेच करतात.

स्वयंपाकघरात

पिकलेली करवंदे मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत, हलक्या हाताने चोळून दोनदा साध्या पाण्याने धुवावीत, म्हणजे चीक बराचसा निघून जातो. कच्ची करवंदे चिरताना हाताला आणि सुरीला आधी तेल लावावे. चीक बोटांवर वाळला तर तो पाण्याने जात नाही, खोबरेल तेलाने चोळून काढावा. करवंद फार आंबट असल्याने लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, स्टीलचे वापरावे.

लोणच्यासाठी एक किलो हिरवी करवंदे धुऊन, पूर्ण कोरडी करून अर्धी चिरावीत आणि बिया काढाव्यात. त्यांना दीडशे ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद चोळून एक दिवस झाकून ठेवावीत. सुटलेले पाणी वेगळे काढावे, पण टाकू नये, ते आमटीत घालता येते. मग शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, शंभर ग्रॅम तिखट, तळून पूड केलेली दोन चमचे मेथी आणि चमचाभर हिंग घालून कालवावे. पाव लिटर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी पूर्ण थंड करून वर ओतावी. बरणीत तेल फोडींच्या वर राहिले पाहिजे, कमी वाटल्यास आणखी तापवून थंड करून घालावे. आठ-दहा दिवसांत फोडी मऊ होतात. गूळ आवडत असेल तर खायला काढताना घालावा, संपूर्ण बरणीत नको.

जेलीसाठी करवंदासारखे फळ नाही, कारण त्यात आंबटपणाही भरपूर आणि जेली घट्ट करणारे पेक्टिनही भरपूर. मात्र पेक्टिन अर्धकच्च्या फळात अधिक आणि रंग पिकलेल्या फळात अधिक, म्हणून दोन भाग लालसर आणि एक भाग काळी अशी करवंदे एकत्र घ्यावीत. ती बुडतील इतके पाणी घालून वीस मिनिटे शिजवावीत, पळीने ठेचावीत आणि स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगावीत. फडके पिळण्याचा मोह आवरावा. पिळलेल्या रसाची जेली गढूळ होते. सकाळी जमलेल्या प्रत्येक लिटर रसाला पाऊण किलो साखर घालून मोठ्या आचेवर उकळावे आणि वर येणारा फेस काढत राहावे. पळी रसात बुडवून आडवी धरली की सुरुवातीला तिच्या कडेवरून थेंब भराभर सुटे पडतात, मग ते सावकाश पडू लागतात. शेवटी शेजारचे दोन थेंब कडेवरच एकमेकांना मिळून रुंद पडद्यासारखे लोंबतात आणि एकदम तुटतात. तोच क्षण आच बंद करण्याचा. तापमापक असल्यास तो १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास दाखवतो. गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत भरावे. रंग गडद माणकासारखा येतो आणि वेगळा रंग किंवा टिकवण्याचे औषध घालण्याची गरज पडत नाही.

सरबतासाठी एक किलो काळी करवंदे एका पेल्याभर पाण्यात दहा मिनिटे शिजवून चाळणीतून गाळावीत, जेवढा रस निघेल त्याच्या सव्वापट साखर घालून ती विरघळेपर्यंत उकळावे आणि थंड झाल्यावर बाटली शीतकपाटात ठेवावी. देताना एक भाग पाकाला चार भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी.

आणि एवढेही करायला सवड नसेल, तर हिरवी करवंदे अर्धी चिरून, बिया काढून, मीठ लावून चार-पाच कडक उन्हे द्यावीत आणि कोरड्या डब्यात भरून ठेवावीत. पावसाळ्यात तुरीच्या आमटीला आमसुलाऐवजी ती वापरता येतात. वाटीभर डाळीला आठ-दहा फोडी पुरतात. त्या धुऊन, डाळ घोटल्यानंतर घालाव्यात आणि मीठ चाखूनच घालावे, कारण फोडींत ते आधीच असते.